तांदळाच्या पोत्यावरचा पोपट

आमच्या शाळेला घंटा होती, पण ती वाजवायची कधी वेळ आली नाही. गुरुजी व्हरांड्यात येऊन उभे राहायचे, लवंग दाढेखाली ढकलायचे आणि एकदाच म्हणायचे, "चला रं!" तेवढ्यावर ओढ्यापलीकडच्या उसात भांगलायला गेलेल्या बायका न्याहारीला बसायच्या. फाट्यावरचा वडापवाला जीपमध्ये माणसं कोंबता कोंबता म्हणायचा, "चला, शाळा भरली." मी शिक्षणसेवक म्हणून पहिल्या दिवशी त्या फाट्यावर उतरले, तो आवाज ऐकला आणि मला वाटलं गावात मारामारी चाललीय. मी सरळ परतीची जीप बघायला लागले. शेवटी वडापवाल्यानंच मला हाकललं. "जावा की बाई, मास्तर हाय त्यो. चावत न्हाई."

मी मुळातच घाबरट. आई म्हणायची, हिला दूध उतू जायच्या आधीच रडू येतं. त्यात ही शिक्षणसेवकाची नोकरी. तीन वर्षं नीट काढली तर कायम, नाहीतर घरी. कुणी साहेब शाळेवर यायचा म्हटलं की मी आदल्या दिवसापासून हजेरीपट चारचारदा तपासायचे. आणि माझ्या नशिबाला हेडमास्तर कोण, तर हा माणूस.

उंचेपुरे, काळेसावळे, पांढऱ्या मिशा ओठांवरून खाली उतरलेल्या. पांढरा शर्ट, त्याच्या खिशात लवंगा. शर्ट धुतला तरी लवंगांचा वास जायचा नाही. साधं "पाणी द्या" म्हणाले तरी चौथीच्या वर्गातली पोरं उठून उभी राहायची. आमची शाळा दोन खोल्यांची, मधे एक ऑफिस. पहिली-दुसरी माझ्याकडं, तिसरी-चौथी त्यांच्याकडं. त्यांचा पाढा माझ्या वर्गाला पाठ व्हायचा. माझा पाढा मलाच ऐकू यायचा नाही.

एकदा मी धीर करून म्हणाले, "गुरुजी, जरा हळू बोललात तरी मला ऐकू येतंय हो."

त्यांना राग आला नाही. खुर्ची पुढं ओढून ते म्हणाले, "बाई, आमच्या बा-नं ह्या गावात दवंडी दिली. दवंडी देताना तेवढा आवाज मोठा. एरवी दुसऱ्याच्या दारात हुबा ऱ्हायला की मान खाली, बोलणं तोंडातल्या तोंडात. छप्पन साली घरानं धम्म घेतला, पर बा-ची मान काय वर आली न्हाई शेवटपतोर. हळू बोलायचं आमच्या घरानं बोलून संपवलंय. मी न्हाई बोलणार हळू." हे सगळंसुद्धा ते एवढ्या मोठ्यानं बोलले की माझा अख्खा वर्ग गप्प होऊन ऐकत बसला.

तेव्हापासून मी त्यांना आवाजाबद्दल बोलले नाही. पण भीती काही गेली नाही.

त्या दवंडीवरूनच त्यांनी शाळेत एक रीत पाडली होती. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या दिवशी पहिलीची पोरं एकेक करून फाटकापाशी स्टुलावर उभी करायची. गुरुजी पितळी ताटावर लाकडी पट्टी हाणायचे आणि गावाकडं तोंड करून दवंडी द्यायचे. "ऐका हो ऐका! अमकीचा आणि अमक्याचा पोरगा आज शाळंत आला हो!" आधी आईचं नाव, मग बापाचं. मग ते पोराकडं वळायचे. "सांग गावाला, नाव काय तुझं?" पोरगं छाती फुगवून नाव ओरडायचं, आया डोळे पुसायच्या, गूळ-खोबरं वाटलं जायचं. त्यांच्या बा-नं दुसऱ्यांचे हुकूम गावभर ओरडून सांगितले. हे गावातल्या पोरांची नावं ओरडून सांगायचे. मला ती रीत फार आवडली होती, खोटं कशाला बोलू.

माझ्या दुसऱ्या वर्षी सगळ्यात शेवटी स्टुलापाशी आली कोमल. दुधाच्या टँकरवर कामाला असलेल्या माणसाची मुलगी, बारकी, दोन वेण्यांना लाल रिबिनी. तिला स्टुलावर उभी केली. ताट वाजलं, दवंडी झाली. गुरुजी तिच्याकडं वाकून गरजले, "नाव काय तुझं?" पोरीनं त्यांच्याकडं बघितलं आणि उभ्या उभ्या तिला लघवी झाली. स्टुलावरून पाणी खाली आलं. पोरं हसली. पोरंच ती, हसणारच. मी तिला आत नेलं, फ्रॉक बदलायला तिच्या आईला बोलावलं, आणि विषय संपला असं मला वाटलं.

तो संपला नव्हता. कोमल शाळेत बोलेना. पहिलीतली बरीच पोरं सुरुवातीला बोलत नाहीत, म्हणून आम्ही वाट बघितली. गणपती झाले, दसरा झाला. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिची आई शाळेत आली आणि पदराचा बोळा तोंडाला लावून रडायला लागली. म्हणाली, "बाई, आता घरातबी बोलंना झालीया. पानी पायजे असलं तर तांब्या दावती." त्यांनी कोल्हापूरला नेऊन कान दाखवले, घसा दाखवला. सगळं ठीक. ठीक आहे तर मग बोलत का नाही, हे कुणी सांगेना.

मग पंचायत समितीकडून अशा मुलांची पाहणी करणाऱ्या मॅडम आल्या. त्यांनी कोमलला तपासलं, बरंच काही विचारलं, आणि बापाला सांगितलं की मार्चमध्ये मी परत येते. तोवर बोलली तर उत्तम. नाही बोलली तर कोल्हापुरात मुक्या मुलांची निवासी शाळा आहे, जूनपासून तिथं घाला, मी शिफारस देते. मॅडम वाईट नव्हत्या. ती शाळाही चांगलीच होती. पण सहा वर्षांची पोरगी आईपासून उचलून तिकडं ठेवायची, आणि ती मुकी नसतानाच, हे मला पटेना.

गुरुजी त्या दिवशी पोरं गेल्यावर ऑफिसात नुसते बसून होते. मी पर्स उचलली तेव्हा म्हणाले, "बाई, मी केलं हे."

"काय?"

"माझ्या आवाजानं पोरीची वाचा बसली." मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले तर त्यांनी हात वर केला. "ऱ्हाऊ द्या. मला म्हाईत हाय."

आता ह्या माणसाचं आणि यंत्रांचं काय नातं होतं ते सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी यायच्या आधी, नव्वद सालाच्या पुढंमागं, शाळेला एक रेडिओ मिळाला होता. त्यावर शाळेतल्या मुलांसाठी पाठ लागायचे. गुरुजी पोरांना ओळीनं बसवायचे आणि रेडिओपाशी स्वतः उभे राहायचे. रेडिओवरच्या बाई गोड आवाजात विचारायच्या, "मुलांनो, समजलं ना?" आणि पोरांनी तोंड उघडायच्या आत पुढं चालू पडायच्या. झालं, गुरुजींचा पारा चढायचा. रेडिओकडं बोट करून म्हणायचे, "थांब की गं जरा! पोरं सांगत्यात न्हवं!" बाई कशाच्या थांबतात. एक दिवस त्यांनी रेडिओ कायमचा बंद केला आणि फडक्यात बांधून कपाटावर ठेवला. ही गोष्ट गावात अजून सांगतात, हसून हसून. मीही हसले होते. गुरुजी तेवढे हसायचे नाहीत. म्हणायचे, "इचारायचं आणि ऐकायचं न्हाई, ह्याला काय अर्थ हाय?"

मग, मॅडम पहिल्यांदा येऊन गेल्यावर, त्याच हिवाळ्यात आला कॉम्प्युटर. त्यांच्या हाताखाली शिकलेला एकजण साखर कारखान्याच्या ऑफिसात होता, त्यानं तिथला काढून टाकलेला एक जुना कॉम्प्युटर शाळेला आणून दिला. सोबत पहिली-दुसरीच्या मुलांसाठी एक सीडी. मला वाटलं, आता रेडिओची गत. कारण गुरुजी समोर खुर्ची टाकून हाताची घडी घालून बसले होते. पडद्यावर आंब्याचं चित्र आलं, खाली चार अक्षरं आली, आणि एक हिरवा पोपट म्हणाला, "ओळखा पाहू!" मग पोपट गप्प. गुरुजीही गप्प. पोपट मान हलवत नुसता उभा. बराच वेळ गेला. गुरुजी एकदम माझ्याकडं वळले, तोंडभर हसत.

"बाई, हे थांबतंय की!"

एवढ्या एका गोष्टीवर ते त्या यंत्रावर खूश झाले. साहेब लोक सांगायचे की कॉम्प्युटरमुळं मुलं जगाशी जोडली जातील, स्पर्धेत उतरतील. गुरुजींना त्याचं काही नव्हतं. पोराचं होईपर्यंत हे थांबतं, बास. त्यांनी कॉम्प्युटर ऑफिसात मांडला, पोपटाची पाळी प्रत्येक पोराला रोज यायलाच पाहिजे असं ठरवलं आणि ते पाळलं.

पण पोपटाला एक खोड होती. उत्तर चुकलं की तो पिपाणी वाजवायचा आणि म्हणायचा, "चूक! चूक!" पहिल्याच दिवशी एका पोराला तो असं म्हणाला आणि गुरुजी ताडकन उठले. "कुणाला चूक म्हणतोस रं?" त्यांनी स्पीकरची वायरच ओढली. वर्गात त्यांनी कुणाला कधी चूक म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. गरजायचे खरे, पण गरजून म्हणायचे काय, तर "आलं आलं, जवळ आलं, अजून एकदा!" आता मात्र पोपट मुका झाला आणि पोरं हिरमुसली. पोपट बोलंना, पोपट बोलंना, अशी भुणभुण सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तर ऑफिसातली मांडामांड बदललेली. ऑफिसाला लागून खिचडीच्या तांदळाची कोठी होती, तिला ऑफिसाकडून नुसती चौकट होती, दार नव्हतं. त्या चौकटीत गुरुजींनी जिल्ह्याचा जुना कापडी नकाशा पडद्यासारखा टांगलेला. नकाशाला लागूनच कॉम्प्युटरचं टेबल. आणि समोरच्या भिंतीवर एक भला मोठा आरसा, वरून पुढं झुकवून खिळलेला. पेठ वडगावच्या सलूनवाल्यानं काढून टाकलेला तो आरसा त्यांनी एसटीच्या टपावरून आणला होता.

"हे काय गुरुजी?"

"बसा तर खरं पोपटापुढं."

मी बसले. चुकीचं अक्षर दाबलं. आणि नकाशाच्या मागून एक आवाज आला, बारीक, घोगरा, जपून जपून काढलेला. "आलं गं, जवळ आलं. अजून एकदा बग."

मला हसू आवरेना. नकाशा बाजूला केला तर गुरुजी तांदळाच्या पोत्यावर मांडी घालून बसलेले. नकाशा गारगोटी गावापाशी फाटला होता. त्या भोकाला डोळा लावला की समोरच्या आरशात कॉम्प्युटरचा पडदा दिसायचा. अक्षरं उलटी दिसायची, ती ते उलटी वाचायला शिकले होते. पण मला खरं आश्चर्य वाटलं ते आवाजाचं. ज्या माणसानं हळू बोलणार नाही म्हणून मला ऐकवलं होतं, तो माणूस पोत्यावर बसून हळू बोलत होता. मी ते बोलून दाखवलं नाही. ते म्हणाले, "ती पोरगी मला भेती. पोपटाला भ्यायची न्हाई." त्यांच्या डोक्यात सगळ्या पोरांबरोबर ती एक पोरगी होती, हे मला तेव्हा कळलं.

तेव्हापासून पोपटाची पाळी आली की गुरुजी "मी जरा मागं जाऊन येतो" म्हणून ऑफिसातून बाहेर पडायचे आणि कोठीच्या मागच्या दारानं आत शिरायचे. तिसरी-चौथीला तेवढा वेळ गणितं घातलेली असायची. मला सारखी धास्ती. कुणी साहेब अचानक आला आणि हेडमास्तर तांदळाच्या पोत्यावर सापडला तर काय सांगायचं? मी रोज म्हणायचे, गुरुजी, नोकरी जाईल हो. ते म्हणायचे, "माझी कशी जाईल? मी कोठीची पाहणी करतोय." माझी जाईल, असं मला म्हणायचं असायचं.

कोमल यायची, खुर्चीवर बसायची, पाय लोंबकळत. पोपट विचारायचा, "हे काय हाय गं?" ती अक्षर दाबायची. हुशार होती, चुकायची कमी. पोपट परत विचारायचा, "तोंडानं सांगतीस का?" आणि थांबायचा. गुरुजी किती वेळ थांबू शकतात हे मी तेव्हा बघितलं. मला ती शांतता सोसायची नाही, मी उगीच खडूचे डबे सारखे करत बसायचे. पाळी संपली की कोमल उतरायची, आरशासमोर जाऊन उभी राहायची आणि रिबीन सारखी करायची. रोज. कितीतरी वेळ. मी मनात म्हणायचे, बोलायला नको, पण नटायला बघा कशी पाहिजे.

जानेवारी गेला, फेब्रुवारी आला. ती बोलली नाही. एकदा मात्र एक गोष्ट झाली. पोपट "शाब्बास" म्हणायला गेला आणि तांदळाची धूळ नाकात जाऊन गुरुजींना शिंक आली. शिंक मात्र त्यांची खरी, छप्पर हलवणारी. नकाशा पुढं फुगला. मी कपाळावर हात मारला. आणि कोमल हसली. आवाज काढून, खुदूखुदू हसली. आम्ही दोघांनी ऐकलं.

पोरगी गेल्यावर गुरुजी बाहेर आले. मिशांवर धूळ, डोळ्यात पाणी. "आवाज हाय, बाई. आवाज हाय पोरीला." त्याच पावली ते तिच्या घरी गेले, मीही मागोमाग. बाप नुकताच टँकर घेऊन वारणानगरहून आलेला, अंगणात पाय धूत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"हसणं येगळं, गुर्जी. बोलणं येगळं."

"जरा थांब की. एक वरीस थांब."

"थांबून काय करू?" बापाचा आवाज चढला नाही, म्हणून ते जास्त लागलं. "तिकडं हातानं का हुईना, बोलायला शिकवत्यात. आमच्या माघारी पोरीनं कुणाला काय सांगायचं कसं? मला काय हौस हाय व्हय तिला सोडून याची? मॅडम म्हणतील तसं करायचं ठरीवलंय आमी." आतून भांडी जोरात ठेवल्याचा आवाज आला. तिची आई ऐकत होती.

परत येताना गुरुजी वाटभर एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या शेजारून शांततेत चालायची मला सवय नव्हती, मला ते फारच भयंकर वाटलं.

मार्चमध्ये मॅडम यायच्या होत्या त्या दिवशी सकाळपासून मी फाटकापर्यंत जाऊन रस्ता बघत होते. भीतीचं कारण एक नव्हतं. त्या काळात भारनियमन असं होतं की लाईट यायची ती पाहुण्यासारखी, जायची ती न सांगता. त्या आठवड्यात आमच्याकडं दुपारी एकला जायची. मॅडम सकाळी येणार होत्या. दहा झाले, अकरा झाले, बारा वाजून गेले, जीपचा पत्ता नाही. गुरुजी सकाळपासून कोठीत जाऊन बसलेले. मी म्हटलं, "गुरुजी, आज नको हो. आज तुम्ही बाहेर पाहिजे. हेडमास्तर कुठं म्हणून विचारतील."

नकाशामागून आवाज आला, "वडगावला मीटिंगला गेल्यात म्हणून सांगा."

"मी खोटं बोलू?"

"मग खरं सांगा, पोत्यावर हाईत म्हणून." थोडं थांबून म्हणाले, "बाई, तिला ह्या आवाजाची सवय हाय. आज मी भाईर बसलो तर पोपट गप्प. आणि मला बघून ती गप्प. एवढं करा माझ्यासाठी."

मी केलं. साडेबाराच्या पुढं जीप आली. मॅडम, त्यांच्याबरोबर केंद्रप्रमुख, मागून कोमलचा बाप तिचा हात धरून. केंद्रप्रमुखांनी आल्या आल्या विचारलं, "हेडमास्तर कुठायत?" मी म्हणाले, वडगावला गेलेत. ते चिडले. आजच्या दिवशी जायचं कारण काय, लेखी कळवलं का, वगैरे. मी मान खाली घालून उभी. घड्याळाचा काटा मात्र मला दिसत होता.

कोमल खुर्चीवर बसली. बाप दारात उभा राहिला, टोपी हातात. पडद्यावर घराचं चित्र आलं.

"आलीस व्हय? बस बस. हे काय हाय गं?" पोपट म्हणाला.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "ही सीडी कोल्हापूरची आहे काय हो?"

"होय मॅडम," मी म्हणाले. आणखी एक खोटं.

कोमलनं बरोबर अक्षर दाबलं. परत चित्र, परत बरोबर. मॅडमनी मान डोलावली, पण त्यांना हे बघायचं नव्हतं. पोपटानं विचारलं, "तोंडानं सांगतीस का?" आणि थांबला. सगळे थांबलो. केंद्रप्रमुखांनी घसा खाकरला. कोमलनं ओठ मिटून घेतले. पोपटानं पुन्हा विचारलं, आवाज आणखी खाली आणून, इतका खाली की मला रडू यायला लागलं. "सांग की गं. कुणी हसत न्हाई."

तेवढ्यात पंखा थांबला. पडदा काळा झाला. पोपटही थांबला. लाईट नसताना पोपट बोलणार कसा? गुरुजी नकाशामागं तांदळावर बसलेले, तोंडात शब्द असतील, पण काढायची सोय नाही. मी त्या भोकाकडं बघायचंसुद्धा टाळलं.

मॅडमनी पेनला टोपण लावलं. "ठीक आहे, बाई," त्या हळू म्हणाल्या. "आपण प्रयत्न केला." बापानं टोपी डोक्यावर चढवली आणि पोरीला हात केला. "चल बाळा." माझ्या मनात आलं, आत्ता सगळं सांगून टाकावं, गुरुजींना बाहेर ओढावं, काहीतरी करावं. पण मी कपाटाला धरून उभी राहिले.

कोमल खुर्चीवरून उतरली. बापाकडं गेली नाही. आरशासमोर जाऊन उभी राहिली. रिबिनीला तिनं हातही लावला नाही. मान वर करून आरशात बघत ती म्हणाली,

"गुर्जी, लाईट गेली. भाईर या आता."

आवाज खरखरीत होता, कितीतरी दिवस न वापरलेला. बाप दाराच्या चौकटीला धरून तसाच खाली बसला.

नकाशा हलला नाही. ती वाट बघत होती. मग ती आम्हा सगळ्यांना समजावून सांगावं तसं म्हणाली, "तितं हाईत. नकाशातनं बगत्यात. मी रोज बगती आरशात."

ज्या आरशात त्यांना ती दिसायची, त्या आरशात तिलाही ते दिसणारच होते. एवढी साधी गोष्ट आम्हा दोन मास्तरांच्या डोक्यात कधी आली नव्हती. रोज रिबीन सारखी करत ती त्यांना बघत होती. ज्या माणसाच्या आवाजाला ती भ्याली होती, तोच माणूस तिच्यासाठी पोत्यावर बसून बारीक आवाज काढतो, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

नकाशा बाजूला झाला. गुरुजी वाकून बाहेर आले. केसात तांदळाची धूळ, पँटीवर पोत्याचे धागे. केंद्रप्रमुख उभे राहिले. मॅडमनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "वडगाव बरंच जवळ निघालं की हो, बाई." माझी नोकरी गेली, असं मला तेव्हा स्पष्ट वाटलं. गेली नाही. मॅडमनी पेनचं टोपण परत काढलं, शिफारशीचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि डोळे पुसले. केंद्रप्रमुखही नंतर कधी त्या दिवसाबद्दल बोलले नाहीत.

गुरुजींचं ह्यातल्या कशाकडंच लक्ष नव्हतं. ते कोमलसमोर जमिनीवर बसले. बोलायला तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. ज्या माणसाचा आवाज ओढ्यापलीकडं जायचा, त्याचा आवाज दोन हातांवरच्या पोरीपर्यंत पोचेना.

कोमलला वाटलं, त्यांना ऐकूच गेलं नाही. ती त्यांच्या कानापाशी वाकली आणि दोन्ही खोल्यांतल्या पोरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "गुर्जी, लाईट गेली म्हनलं!"

"ऐकलं," गुरुजी म्हणाले. पोपटाच्या आवाजात म्हणाले. "ऐकलं गं बाई, ऐकलं मी."